सुपुर्दनाम्यावरचा बैल

पालघरच्या कोर्टातल्या कारकुनाने खिडकीतून आधी बैलाकडे पाहिलं, मग भगवंताकडे. भगवंताने पिशवीतून चार घड्यांचा कागद काढून पुढे केला. तो एकसष्ट सालचा सुपुर्दनामा होता. चोरीच्या खटल्यातला मुद्देमाल, एक तांबडा बैल, पाम गावच्या भगवंताने सांभाळावा, त्याला कामाला जुंपू नये आणि कोर्ट मागेल तेव्हा हजर करावा, असं त्यावर लिहिलं होतं. खाली भगवंताची सही होती. आता सहासष्ट साल चालू होतं.

"साक्ष द्यायची आहे," भगवंत म्हणाला. उंबरगावहून निघाल्यापासून दोन दिवस तो हेच वाक्य घोकत आला होता. बोईसरला तारापूरच्या प्रकल्पाचे ट्रक धूळ उडवत अंगावरून गेले आणि बैल बिथरला, तेव्हासुद्धा त्याच्या ओठांवर तेच होतं.

चिंचणीच्या एका गवताच्या व्यापाऱ्याने फिर्याद केली होती की डोंगरावरच्या सुकाने आपला बैल पळवला. सुका म्हणत होता, बैल माझाच, घरच्या गायीचा. पंचनाम्याला भगवंत पंच होता. दोघांचं बोलणं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. व्यापारी म्हणाला, तीन वर्षं हा माझ्या गाडीला उजव्या अंगाला चालतो आहे. सुका म्हणाला, उजवीकडे जुंपलात तर खाली बसेल, उठायचा नाही. शिपायाला हसू आलं. भगवंत कोणाच्याच बाजूचा नव्हता, म्हणून बैल त्याच्या गोठ्यात आला.

त्याच साली ऐन आवणीत, भाताच्या लावणीच्या दिवसांत, भगवंताच्या घरचा एक बैल आजारी पडला. एका सकाळी त्याने कोर्टाचा बैल जुवाला लावला, उजव्या बाजूला. बैल चिखलात मटकन बसला. शेपूट पिळली तरी उठेना. सोडून डावीकडे जुंपला, तसा मुकाट चालू लागला. सुका खरं बोलतो आहे हे भगवंताला तिथेच, गुडघाभर चिखलात कळलं. आणि हेही कळलं की कोर्टात हे सांगायचं तर मुद्देमाल जुंपल्याचंही सांगावं लागेल. त्याने तोंड मिटून घेतलं. बैल मात्र सगळा हंगाम डावीकडे जुंपला.

पुढच्या वर्षी तो सासऱ्यांच्या जमिनीवर उंबरगावला राहायला गेला. दोन वर्षांपूर्वी राज्यं वेगळी झाली होती आणि उंबरगाव गुजरातेत गेलं होतं. निघताना बायको, सुगंधा, म्हणाली, कोर्टाच्या बैलाचं काय? तो म्हणाला, आता आपलं राज्यच दुसरं, पालघरचं समन्स तिथवर पोचेपर्यंत केस संपून जाईल. समन्स खरंच आलं नाही. पहिल्या वर्षी त्याला हायसं वाटलं. नंतर दर आवणीला बैलाच्या मानेवर जू ठेवताना हात थबकू लागला. कळवू, पुढच्या महिन्यात जाऊन येऊ, असं तो स्वतःला सांगत राहिला. यंदा बैलाचे दात झिजले, पेंढा चावेना. भगवंत घाबरला. बैल मेला तर सुकाच्या बाजूचा एकुलता एक पुरावा मेला.

कारकुनाने जुनं रजिस्टर काढलं. बोट फिरवत एका ओळीवर थांबला.

"ही केस चौसष्टलाच निकाली निघाली. आरोपीने गुन्हा कबूल केला."

"कबूल कसा केला? बैल त्याचाच आहे."

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने भगवंताला बाकावर बसवलं आणि सांगितलं. मुद्देमाल हजर नाही, म्हणून तारखांवर तारखा पडत गेल्या. सुका दर तारखेला पहाटे निघून डोंगरावरून पायी यायचा. व्हरांड्यात उकिडवा बसून राहायचा आणि पुढची तारीख ऐकून परत जायचा. अशा एकवीस तारखा झाल्या. बाविसाव्या तारखेला नावाचा पुकारा होताच त्याने हात जोडले आणि म्हणाला, चोरी मीच केली. तीन महिन्यांची सजा झाली.

"सजा परवडली त्याला," कारकून म्हणाला. "तारखा नाही परवडल्या."

माझ्यावर काय कारवाई होणार, असं भगवंताने विचारलं. कारकुनाने पानं चाळली. इसम सापडत नाही, एवढाच शेरा होता. बैल फिर्यादीला द्यावा असा हुकूम आहे, उद्या चिंचणीला पोचवा आणि पावती आणून द्या, म्हणजे तुम्ही सुटलात, असं तो म्हणाला. कोणीतरी दोन शिव्या तरी द्यायला हव्या होत्या, असं भगवंताला वाटलं.

तो चिंचणीच्या रस्त्याला लागलाच नाही. बैलाचा कासरा धरून डोंगराकडे वळला.

सुकाची बायको लाडकी दारात धान पाखडत होती. तिने आधी बैल ओळखला, मग माणूस.

"लवकर आलात," ती म्हणाली आणि पाखडत राहिली.

सुका घरामागून आला. पुरता पिकला होता. बैलाने मान लांब करून त्याच्या काखेत तोंड खुपसलं. सुका त्याच्या शिंगांच्या मुळाशी खाजवत उभा राहिला. दोन दिवस घोकलेली साक्ष भगवंताने त्या अंगणात दिली. बैल जुंपला त्या पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे सांगितलं. स्वतःची कातडी वाचवायला गप्प बसलो, हेही सांगितलं. ती लिहून घ्यायला तिथे कोणी नव्हतं. मग त्याने कासरा सुकाच्या हातात दिला. बैल तुझा आहे, ठेव, वाटेत मेला असं मी चिंचणीला सांगतो, असं म्हणाला.

लाडकीने बादलीत पाणी आणून ठेवलं. बैलाचं पाणी पिऊन होईपर्यंत सुकाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग कासरा परत भगवंताच्या मुठीत ठेवला.

"आजपावत मी खोटा चोर होतो, दादा," तो म्हणाला. "हा दारात बांदला तर खरा होईन."