फेरी पुरी होईपर्यंत

"अगं चारू, थांबव यांना!" बाबा ओरडले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्यांचे यांत्रिक पाय त्यांना आईच्या दारावरून तसेच पुढे नेत होते. आत शेवटच्या घटका मोजणाऱ्या आईने त्यांना हाक मारली होती.

"एकदा लावलेली चालण्याची फेरी पुरी झाल्याशिवाय थांबत नाहीत ते, बाबा," चारुता रडकुंडीला येऊन म्हणाली.

अशा यंत्रांना आज्ञा देण्याची संगणकीय भाषा तिनेच घडवली होती. अर्ध्यावर थांबण्याची सोय भाषेच्या गाभ्यात कशाला? भाषा कशी सुटसुटीत हवी, ज्याला गरज असेल त्याने ती सोय वरून जोडावी, असं ती घरीदारी ऐकवायची. पाय बनवणाऱ्यांनी ती जोडलीच नव्हती.

फेरी संपवून पाय दाराशी परतले, तेव्हा नर्स आईच्या तोंडावर चादर ओढत होती.

"सुटसुटीत आहे हो तुझी भाषा," बाबा म्हणाले.