पट्टीवरची मिठी

आयुष्यभर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या उन्हात मासेमारी करून डॅडना त्वचेचा कॅन्सर झाला, आता फुफ्फुसात पोचलाय. डॉक्टर दंडावरच्या गाठीत मुद्दाम बनवलेला व्हायरस टोचतात, तो कॅन्सरला मारतो. पथ्य एकच, पट्टीला कोणी हात लावायचा नाही.

माझा मोठा भाऊ ब्रॉडी दोन गल्ल्या सोडून राहतो. चार महिने फिरकला नाही. "व्हायरस आहे रे तो! माझ्या घरात लहान पोर आहे."

डॅड रोज नातीची वाट बघत विचारायचे, "आज आणेल का रे ऑलिव्हला?"

काल मी ब्रॉडीला फोन केला, "डॅड बोट कोणाला तरी देऊन टाकतायत."

दहा मिनिटांत साहेब हजर! ऑलिव्ह कडेवर, आणि डॅडना थेट पट्टीवरच गच्च मिठी.



बोट तर आम्ही उपचार सुरू झाले तेव्हाच विकली. एकदा जरी आला असता, तर कळलं असतं त्याला.