मोठ्या पंख्याचं मशीन

शेषराव घरच्याच खोलीत भजनं रेकॉर्ड करायचा. गाण्यावर पखवाज चढवला, की कम्प्युटर अडखळायचा आणि पडद्यावर ‘ओव्हरलोड’ यायचं. बालाजीची यात्रा तोंडावर आली, भजनी मंडळाचा तगादा वाढला, तशा त्याच्या येरझारा थांबेनात. रॅम वाढवून झाली, प्रोसेसर बदलून झाला, तरी तेच. शेवटी जालन्याचा दुकानदार म्हणाला, "मशीन तापतं, म्हणून दमतं. मोठ्या पंख्याचं न्या."

शेषरावानं तेही आणलं. पहिल्याच भजनाला ते पुन्हा अडखळलं, तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला.



"काळजी नोको करू," मशीनच्या खोळीच्या नाड्या आवळत आई म्हणाली, "धूळ म्हणून जाणार नाही आत. मागच्याले चादरीची खोळ होती, हे महागाचं म्हणून गोधडीची शिवली."