आरतीच्या ताटातला रुपया

गेल्या साली अमरावतीच्या कीर्तनात आरतीच्या ताटात पडलेले रुपये भगवंतबुवांनी गाडीभाड्याला काढले, आणि गाडीवाल्याने ते सगळे खोटे म्हणून परत केले. यंदा कापसाने वऱ्हाडात रुपयांचा पूर आणलेला, त्यात खोटेही तितकेच. अमरावतीचं कीर्तन आटोपून बुवांना गाडीने दर्यापूरला जायचं होतं, म्हणून त्यांनी कीर्तनाआधीच गावातल्या नत्थुजी सराफांना गाठलं.

"खोटा रुपया ओळखावा कसा हो?"

"त्यात काय हाय, बुवा? लोकायले ताटात वरून टाकाले सांगा. खरा खणकन वाजते, खोटा बद्द."

बुवांनी आरतीच्या वेळी तसं हसत हसत सांगितलं. ताट फिरू लागलं. जो तो वाकला, नमस्कार केला आणि तुळशीचं पान ठेवावं तसा रुपया अलगद ठेवून मोकळा झाला. शेवटी नत्थुजींनीही कनवटीचा रुपया काढून तसाच ठेवला. ताट काठोकाठ भरलं, पण एकदाही वाजलं नाही.

बुवा रडकुंडीला आले. "नत्थुजी, आता यातले खोटे कोणते ते कसं कळायचं?"

नत्थुजींनी ताटाला हात जोडले.

"ते आता इचारू नका, बुवा. तुमी पहाटेच पायी निघा. दर्यापूर दूर हाय."