उंबऱ्यावरचा भुऱ्या

"दार उघडलं की पळतो का हा शेताकडं?" डॉक्टर उज्ज्वलांनी विचारलं.

"न्हाई बाई. उंबऱ्यावर आडवा पडतो अन् शेताकडं बगून भुंकत राहतो. दिवेलागणीला तर लई," शांतम्मा म्हणाल्या. "मालकाची आठवण. दुसरं काय?"

भुऱ्या टेबलाखाली अंग चोरून बसला होता. निलंग्याजवळच्या गावातून लातूरपर्यंत जीपमध्ये त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. दवाखान्यात आल्यावर कुत्री एकदम शहाणी होतात. माणसांचंही तेच.

"मालक म्हणजे दोन पट्ट्यांचे चंद्रप्पा ना? बैल दाखवायला यायचे."

शांतम्मांना बरं वाटलं. कडबाकुट्टीच्या यंत्रात करंगळीशेजारचं बोट गेलं, तेव्हापासून चंद्रप्पांची विभूती तीन बोटांऐवजी दोनच बोटांनी लागायची. 'महादेवानं एक पट्टी माफ केली,' असं म्हणून ते स्वतःच हसत. ओळख तेवढी राहिली होती.

"आठवण अन् फिठवण काय न्हाई," त्यांचा मुलगा अमरेश वैतागून म्हणाला. "बाळ रोज दचकून उठायलंय. आता उपाय लागू पडला न्हाई, तर ह्याला धर्माबादला मामाकडं सोडून येतो मी."

शांतम्मांनी टेबलाखाली हात घालून भुऱ्याचं डोकं थोपटलं. चंद्रप्पा उन्हाळ्यात गेले. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना मांडी घालून बसवलं आणि मागच्या दारासमोरच्या शेतात माती दिली. नातवाला मांडीवर घ्यायचं राहिलं, एवढंच ते शेवटपर्यंत म्हणत होते. त्यांच्या मागोमाग आठवड्याभरात त्यांचा लाडका बैलही गेला. सकाळी गोठ्यात मरून पडलेला, आणि कपाळावर ताजी विभूती. चंद्रप्पा रोज लावत, तशी. शांतम्मांना वाटलं अमरेशनं लावली, अमरेशला वाटलं अव्वानं, म्हणजे आईनं. दुःखाच्या घरात असलं कोण कुणाला विचारतं? आता चंद्रप्पांच्या जिवाचं म्हणावं असं हे एक कुत्रं उरलं होतं. ते गेलं तर घर खायला उठेल, असं शांतम्मांना वाटे.

"भुंकणं कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

अमरेशनं डोकं खाजवलं. "मंजू बाळाला घेऊन माहेरावरनं आली, तवापासून."

"मग आठवण नव्हे ही. घरात नवा वास आला, म्हणून तो बिथरलाय. वासानं बिघडलं ते वासानंच निवतं का बघू." डॉक्टरांनी लव्हेंडरच्या तेलाची बारकी बाटली काढली. "पण अव्वा, धूप घातल्यासारखं घर भरायचं नाही. कुत्र्याचं नाक फार तिखट. एकच थेंब फडक्यावर, आणि फडकं त्याच्यापासून लांब. अंगाला चोळायचं नाही, चाटू द्यायचं नाही. बाळ असेल त्या खोलीत तर नकोच."

"बरं."

"आणि दार उघडं ठेवायचं. नको वाटलं तर त्याला उठून जाता आलं पाहिजे. कोंडून वास दिला, तर औषधाचं विष होतं."

"भुंकतो म्हणून दिवेलागणीला आमी दार लावूनच घेतो," अमरेश म्हणाला.

"तिथंच चुकतंय," डॉक्टर म्हणाल्या.

शांतम्मांनी सगळं अगदी सांगितल्यासारखं केलं. त्या एरवी औषधाच्या बाबतीत अर्ध्या डॉक्टर होत्या. एक गोळी सांगितली की दोन घ्यायच्या. पण इथं भुऱ्याचा प्रश्न होता. एकच थेंब, जुन्या धोतराचं फडकं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली खुंटी. मागचं दार सताड उघडं.

पहिल्या दिवशी भुऱ्या उंबऱ्यावरून हलला नाही. फडक्याकडं बघायचा, शेताकडं बघायचा. दोन घरच्या पाहुण्यासारखी त्याची गत झाली होती. दुसऱ्या दिवशी भुंकणं कमी झालं. मग एका संध्याकाळी तो उठला, जड पावलांनी स्वयंपाकघरात गेला आणि फडक्याखाली पाय पसरून घोरायला लागला.

"झोपला की ओ अव्वा!" सून मंजुश्री हळूच म्हणाली.

शांतम्मांना भरून आलं. आता भुऱ्या कुठं जाणार नव्हता. उंबरा मोकळा झाला. आता जाता-येता त्याला ओलांडावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अमरेश उसाला पाणी द्यायला गेला होता. मंजुश्री चुलीपुढं होती. बाळ, वीरेश, माजघरात पाळण्यात होतं. शांतम्मा देवघरात लिंगपूजेला बसल्या होत्या. घर इतकं गप्प होतं की भुऱ्याचं घोरणं ऐकू येत होतं. मागच्या दारातून ओल्या मातीचा वास आत येत होता. पाणी सुटलं वाटतं, असं मनाशी म्हणत त्यांनी पूजा चालू ठेवली.

माजघरात पाळणा करकरायला लागला. बाळ खिदळलं.

"मंजू, हळू झोका दे गं. पोट भरलेलं हाय त्याचं."

"मी भाकरी थापायलेय अव्वा," स्वयंपाकघरातून आवाज आला. "तुमीच द्यायल्या ना झोका?"

शांतम्मा उठल्या. समईतली एक वात निरांजनात घेऊन त्या माजघरात आल्या. तिथं कुणी नव्हतं. पाळणा अजून हलत होता, आणि बाळ मागच्या उघड्या दाराकडं बघून हसत होतं. त्यांनी एका हातानं पाळणा धरला. निरांजन जवळ नेलं.

बाळाच्या कपाळावर ओली विभूती होती. पट्ट्या दोनच.