मांजरीची शिकवणी

लातूर जिल्हा झाला, पण नळाला पाणी काही आलं नाही. त्याच दुष्काळात गंगम्मा आपल्या चंद्री मांजरीला वळण लावायला बसली. दुकानातल्या तुरीच्या पोत्यांना उंदीर लागले होते आणि ही भटकभवानी दिवसभर गल्लीत. मारायचं नाही, जिभेनं 'टक्' करायचं आणि जवळ येऊन बसली की लगेच बोटभर साय चाटवायची.

पण साय दिसल्याशिवाय चंद्री ढुंकूनही बघायची नाही.

"लेकरांच्या तोंडाला दूध न्हाई अन् मांजरीला साय!" नवरा, गुरुबसप्पा, करवादायचा.

"तिला कळतंय सगळं. मुद्दाम करायलीय," गंगम्मा चिडून म्हणायची. टक् टक् करून तिची जीभ सोलवटली होती.

एका दुपारी ती वैतागून परसात गप्प बसली होती. तेवढ्यात कोरड्या हौदातून आवाज आला. टक्.

चंद्री धावत गेली, हौदात उतरली आणि शहाण्यासारखी बसली.

गंगम्मानं वाकून पाहिलं. आत दुसरं कुणीच नव्हतं. चंद्री मान वर करून रिकाम्या जागेकडं बघत मिशा चाटत होती. मिशांना साय लागली होती. घरात तर कालपासून दुधाचा थेंब नव्हता.

"चंद्रे, वर ये गं बाई."

पुन्हा आवाज झाला. टक्.

चंद्री जागची हलली नाही. तिनं फक्त मान वळवून शेजारी पाहिलं. तेव्हा गंगम्माच्या ध्यानात आलं, की आपण केव्हाच हौदात उतरून तिच्याजवळ मांडी घालून बसलो आहोत.