उंच माणसं मागे

"सासऱ्यांना गाडीतून एकटं उतरू देऊ नकोस," शेजारच्या मालिनीकाकूंनी टेक्ससमधल्या प्लेनोहून निघतानाच बजावलं होतं. "आमचे पपा असेच उतरले आणि अनोळखी लोकांच्या पिकनिकला जेवून आले." वल्लरी हसली होती. तिची काळज्यांची यादी आधीच भरलेली होती: वादळं, गोचिडी, कार सीटचा पट्टा, नेत्राने न धुता खाल्लेली चेरी. त्यात सत्तर वर्षांच्या धडधाकट माणसाला जागा नव्हती.

आणि आता कॅन्ससमधल्या एका चिमुकल्या गावात, धान्याच्या उंच कोठारापाशी, सासरे नाहीसे झाले होते.

ती चारच मिनिटं लेकीच्या मोज्यांत गोचिडी शोधत होती. वर बघते तो कोठार होतं, आभाळ होतं, क्षितिजापर्यंत पिकलेला गहू होता. बाबा नव्हते. इतक्या सपाट मुलखात हरवायला खरं तर कर्तबगारी लागते.

"आजोबा इज गॉन," तीन वर्षांच्या नेत्राने जाहीर केलं आणि बिस्किट खाल्लं.

सासऱ्यांचा, म्हणजे शशिकांतरावांचा, अकोल्यात चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. ते अमेरिकेत आले तेव्हा वल्लरीच्या नवऱ्याने, निमिषने, बापाच्या हातात नवा डिजिटल कॅमेरा ठेवला. जूनमध्ये आठ दिवस सुट्टी काढून खेडोपाडी फोटो काढत नेब्रास्कापर्यंत जायचं, हा बेत बापलेकांचाच. आता लेक गाडी घेऊन हायवेकडे शोधायला गेला होता. बापाच्या बीपीच्या गोळ्या वल्लरीच्या पर्समध्ये होत्या. दुपारची राहिली होती.

पेट्रोल पंपावरच्या बाईने फोन केला आणि शेरिफच्या ऑफिसातून एक ताडमाड पोलीस आला. "मॅडम, त्यांचा फोटो आहे?"

वल्लरीला हायसं वाटलं. फोटोंना काय तोटा! लॅपटॉप तिच्या खांद्यालाच होता, कारण गाडी चोरीला गेली तर? तिने तो पोलिसाच्या गाडीच्या बॉनेटवर उघडला. या ट्रिपचे बाराशे चाळीस फोटो होते. कोठारं. पवनचक्क्या. गंजके ट्रॅक्टर. एक बकरी, समोरून आणि बाजूने, अटकेतल्या आरोपीसारखी. नेत्रा तीनशे वेळा. बाबा एकदाही नाहीत. तिने घरचं फोल्डर उघडलं. विमानतळ, गुढीपाडवा, नेत्राचा वाढदिवस. नाहीत. शेवटी तिने लग्नाचा स्कॅन केलेला अल्बम काढला आणि लगेच मिटला. लग्नाचे फोटोही बाबांनीच काढले होते.

"हे," ती एका पवनचक्कीखाली बोट ठेवून म्हणाली. गवतावर एक लांबलचक सावली पडली होती. डोक्यावर कानटोपी, गाडीच्या एसीमुळे.

पोलिसाने सावलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग वहीत काहीतरी लिहिलं. एवढ्यात चर्चच्या मागून एक करडा आवाज आला.

"नो स्माइल! चिन डाऊन!"

वल्लरी नेत्राला काखोटीला मारून धावली. चर्चमागच्या हिरवळीवर कुणाच्या तरी लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. साठेक माणसं श्वास रोखून चार रांगांत उभी होती. म्हातारे खुर्च्यांवर, मुलं पुढे मांडी घालून. समोर कानटोपी घातलेले शशिकांतराव.

"बाबा! अहो, काय हे!"

"अगं, त्यांचा तो भाचा फोटो काढत होता. उंच माणसं पुढे उभी केलेली! नाही बघवलं मला."

"बाबा, हा पोलीस तुम्हाला शोधायला आलाय!"

"सापडलो ना? मग त्याला म्हणावं, शेवटच्या रांगेत उभा राहा. यू, टॉल, बॅक!"

आणि तो ताडमाड पोलीस मुकाट्याने मागे जाऊन उभा राहिला. हनुवटी खाली.

फोटो झाला. वल्लरीने निमिषला फोन करून परत बोलावलं, बाबांना गोळी दिली, पाणी दिलं, आणि कॅमेरा काढून घेतला. "आता तुम्ही बसा त्यांच्यात. मी काढते."

"मी?" शशिकांतराव दचकले. "फोटोग्राफर फोटोत आला तर कॅमेऱ्यामागे कोण?"

"मी आहे ना."

त्यांना नवऱ्यामुलाशेजारी, म्हणजे पंचाहत्तरीच्या आजोबांशेजारी, खुर्ची मिळाली. आयुष्यभर हजारो लोकांच्या हनुवट्या जागेवर आणणाऱ्या माणसाला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले आणि नियम मोडून हसले. वल्लरीने एका हाताने नेत्राचं मनगट घट्ट धरून दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

फोटो तिने प्लेनोला परतल्यावर नीट पाहिला. नवरानवरी आली, पोलीस आला, चर्चच्या पायरीवरचं कुत्रंसुद्धा आलं. सासऱ्यांच्या मात्र बरोब्बर नाकासमोर नेत्राची बिस्किट धरलेली मूठ आली होती.

शशिकांतराव आता मिशिगनमधल्या नोव्हायला लेकीकडे आहेत. परवा फोनवर म्हणत होते, इथे सगळे कामावर जातात, म्हणून रस्त्यावरच्या टपालपेट्यांचे फोटो काढतो. तेव्हा त्या बाजूला कोणी राहत असाल तर वल्लरीची हात जोडून विनंती आहे: एकदा त्यांच्याकडे जाऊन या, गोळी घेतली का विचारा, आणि निघण्याआधी कॅमेरा त्यांच्या हातून काढून घ्या. मुलं घरीच ठेवून जा.